नितीनने सोडलेला डाव

नितीन गेला, आणि मला त्याचा प्रचंड राग आलाय.

कालपासून आमच्या सगळ्या बुद्धिबळवाल्यांच्या पोस्ट. "दिलदार माणूस! जिंकलेला डाव सोडला होता त्याने."

ज्या मुलीसाठी सोडला म्हणतात, ती मी.

जिल्ह्याच्या टीमची निवड स्पर्धा, शेवटचा राउंड. मला अर्धा पॉइंट हवा होता. नितीनची जागा आधीच पक्की होती.

माझा राजा उघडा पडलेला. नितीन वजिराने शह देतोय, मी सरकतेय. पुन्हा शह, पुन्हा तेच घर.

कोपऱ्यातला हत्ती त्याने नुसता एक घर सरकवला असता, तर माझी मात टळत नव्हती. मला दिसत होतं. मागे उभ्या लोकांनाही.

त्याने हात पुढे केला. "ड्रॉ?"

आमच्यात डाव संपला की दोघं तिथेच बसून तो परत मांडून बघतात. कितीही वैर असलं तरी. त्या दिवशी नितीन बसला नाही. बॅग उचलली आणि गेला.

झालं! "मुलगी आहे म्हणून सोडलं. वर तिची शोभा नको म्हणून अ‍ॅनालिसिसही टाळलं."

टीममध्ये गेले, पण दान मिळालेल्या जागेवर. प्रत्येक स्पर्धेत तेच ऐकलं. शेवटी खेळणंच सोडलं.

एकदा द्वारका चौकात भेटला. म्हटलं, "खरं सांग, हत्ती दिसला होता ना?"

हसला. "सोड ना यार. टीममध्ये गेलीस ना?"

आज इंदिरानगरला त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने ओळखलं.

"तूच ना गं ती? त्या दिवशी घरी येऊन त्याने पट मांडला, आणि कपाळावर हात मारला. म्हणे, आई, एवढा हत्ती उभा होता, मला दिसलाच नाही. जेवला नाही पोरगा."

मग डोळे पुसत म्हणाल्या, "लोक मोठ्या मनाचा म्हणायला लागले. मी म्हटलं, खरं सांगून टाक. तर म्हणे, राहू दे ना, बरं वाटतं."

बरं वाटतं!

काकूंचा हात धरून बसले. त्या माउलीला काय बोलणार?

पण तुला बोलते, नितीन. "मला दिसलं नाही." एवढंच म्हणायचं होतंस. मोठेपणा तू मिरवलास, आणि खेळ माझा सुटला.

तो अर्धा पॉइंट माझा होता. कुणी दिलेला नव्हता.

जा. श्रद्धांजली वाहते.

माफ केलेलं नाही.