माझ्याबद्दल माझ्या नणंदेला विचारणाऱ्या डॉक्टरांस

आज मंगळवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी साताऱ्यातल्या माझ्या डॉक्टरांनी माझ्यादेखत माझ्या नणंदेला विचारलं, "ह्या बाई घरी चोरून खातात का हो?"

मैत्रिणींनो, वजन कमी व्हावं म्हणून जठराला पट्टा बसवून घेतला, आत पाणी भरून आवळतात तसला, तो याच डॉक्टरांकडून. गेला महिनाभर पोटात कळ येते आणि आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, म्हणून मी खुर्चीत बसून झोपते. हे त्यांना तिसऱ्यांदा सांगायला गेले होते. त्यांनी पोटाला हातही लावला नाही.

नणंद विट्याची. ती म्हणाली, "आवं डॉक्टर, ह्यास्नी पाणी गिळंना, चोरून काय खातील?"

तिथून उठलो ते थेट सांगलीला. तिथल्या डॉक्टरबाईंनी औषधी पाणी पाजून एक्स-रे काढला, पट्टा फार आवळलाय म्हणाल्या आणि सुईने त्यातलं पाणी काढून तो सैल केला. पाच मिनिटांचं काम होतं हो ते!

बाहेर येऊन मी अख्खा कप चहा प्यायले, आणि तो खाली गेला. नणंद म्हणत होती, "वैनी, दमानं. कोण काढून घेत न्हाई." मला हसू आवरेना. आज मी पलंगावर झोपणार आहे.

साताऱ्याचे डॉक्टर, पट्टा तपासायचं सोडून माझी नियत का तपासलीत, याचं लेखी उत्तर मला शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत हवं आहे. नणंदेच्या नावाने पाठवू नका. वाचता मलाही येतं.