नामंजूरबाई

'मंजूर' हा शब्द बाईंच्या तोंडून मी चार वर्षांत एकदाच ऐकला.

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीत आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या ट्रस्टवर त्या विश्वस्त होत्या आणि मी कारकून. दर्यापूरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, हातात कायम काळी छत्री, आवाज खणखणीत. काही पटलं नाही की म्हणायच्या, "मले नामंजूर हाय. तसं लिवा." मी तसं लिहून वाचून दाखवेपर्यंत खुर्ची सोडायच्या नाहीत. म्हणून लोकांनी नाव पाडलं नामंजूरबाई. पाडेनात का!

ट्रस्टची वर्षाची मोठी सभा तेवढी खरी भरायची. बाकीच्या सभा भरवायच्याच नाहीत, अशी आमची सोयीची रीत. अध्यक्ष दादासाहेब घरी बसून ठराव सांगत, मी 'सभा खेळीमेळीत पार पडली' असं लिहायचो आणि इतिवृत्ताचं बुक सायकलला अडकवून घरोघर सह्या गोळा करायचो. कुठे चहा, कुठे पोहे. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही.

बाईंनी मात्र पहिल्याच खेपेला बुक परत केलं.

"सभा कवा भरली? मी तं घरी भाकरी थापून राहिली होती."

"बाई, नुसती सही हवी."

"कावून? मी होती काय तिथं?"

आज बाई नाहीत. पण आता मीही एका संस्थेचा विश्वस्त आहे, आणि माझ्या दारी असं बुक आलं की ते तसंच परत पाठवतो. लोक भांडखोर म्हणतात. म्हणू देत.

मग एकदा दादासाहेबांनी ठराव सांगितला: वसतिगृहामागची जागा, विहिरीसकट, त्यांच्या जावयाला कापसाच्या गोदामासाठी द्यावी. मुलींचं सगळं पाणी त्या विहिरीचं! बाई तडक त्यांच्या ओसरीवर गेल्या. "जावई तुमचा. या ठरावाले तुमी बाहेर बसा, आमी ठरवतो."

दादासाहेब हसले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी नियम काढला: सलग तीन सभांना गैरहजर राहील त्याचं पद जाईल. बुकात बाईंच्या सह्या नव्हत्याच. न झालेल्या सभांना बाई गैरहजर! ते पत्र मीच लिहिलं, नोकरी टिकवायला, आणि मीच नेऊन दिलं.

बाईंनी पत्र वाचलं. "अक्षर चांगलं हाय तुह्यं," म्हणाल्या. एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बाईंनी ट्रस्टांवर देखरेख करणाऱ्या धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत तक्रार केली. अकोल्याला सुनावणी झाली, मला बुक घेऊन बोलावलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "या तीन सभांना बाई गैरहजर होत्या?"

"साहेब, सभा झाल्याच नाहीत. हे सगळं मी दादासाहेबांच्या घरी बसून लिहिलंय."

दादासाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की नोकरी गेलीच समजा. जाऊ दे, म्हटलं.

बाईंचं पद परत मिळालं, विहिरीच्या जागेचा ठराव रद्द झाला, खरी सभा भरवण्याचा हुकूम निघाला. त्या सभेत सगळ्यांत आधी बाई उठल्या. आता माझं कौतुक होणार, असं वाटून मी सदरा नीट केला.

"विहीर वाचली, ती याच्या बोलण्यानं. म्हनून याची नोकरी राहू द्या," बाई म्हणाल्या. "पन यानं चार वर्सं खोट्या सभा लिवल्या. त्याचा ठपका बी द्या. तसं लिवा."

माझ्याच हातानं मी माझा ठपका लिहिला. आवाज चढवून, सगळ्यांसमोर वाचून दाखवला. बाईंनी बुक पुढे ओढलं, सही केली, आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मंजूर."