बारा मिलिमीटरचं भोक

माझ्या बायकोच्या मामांइतकं गोल भोक अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात कुणी पाडलं नसेल, आणि भोकापायी इतकी माणसंही कुणी तोडली नसतील. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी भाट्ये गावातल्या घरी पडवीत ड्रिल मशीन मांडलं. मी मोजून सांगतो: आमच्याकडच्या किल्ल्या अडकवायच्या फळीला सात भोकं पाडायला त्यांनी दोन दिवस आणि चौदा कप चहा घेतला. आधी काटकोनाचा गुण्या लावून रेघा, मग टोकदार पंच ठोकून खूण, मग ड्रिलचं तीन मिलिमीटरचं बिट, मग सहाचं. मधे कुणी बोललं की मशीन बंद करून त्या माणसाकडे नुसतं बघत राहायचे. हातखंब्याच्या हॉटेलात त्यांनी मेदूवडा परत पाठवला. "भोक मध्यावर नाही." मालक म्हणाला, "काका, भोक खायचंय की वडा?"

२००१ साली मामींना अर्धांगाचा झटका आला. उजव्या हाताची बोटं वळेनात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, फळीच्या भोकांत खुंट्या घालायचा सराव करा, नाहीतर हात असाच राहील. मामांनी आठवडाभर खपून फणसाच्या फळीला पंचवीस भोकं पाडली, बारा मिलिमीटरची. खुंट्याही बाराच्याच. खुंटी इतकी घट्ट बसायची की काढायला पक्कड लागे. मामा खूष! मामींना नऊ दिवसांत एकही खुंटी आत घालता आली नाही.

दहाव्या दिवशी, माझ्यासमोरच, मामींनी खुंटी भिरकावली. "तुमचं भोक बरोबर आणि माझा हात चुकीचा, असंच ना?"

"अगो, तसं नाही..."

"मग मोठं करा की मेलं!"

मी हळूच म्हटलं, "मामा, सोळाचं करा."

"सोळाच्या भोकात बाराची खुंटी? जावईबापू, ती काय विहीर आहे, बादली सोडायला?"

पण उठले. अर्ध्या तासात पंचवीसही भोकं सोळाची केली. नंतर मात्र पॉलिश पेपर मारून प्रत्येक भोकातून स्वतःचं बोट फिरवलं, कुठे लाकडाची बारीक कूस टोचायला राहू नये म्हणून.

त्या संध्याकाळी बाविसाव्या प्रयत्नाला पहिली खुंटी आत पडली. सगळ्या पंचवीस बसवायला अकरा आठवडे लागले. त्या दिवशीही मी होतो. भरलेली फळी पुढे सरकवत मामी म्हणाल्या, "आता जरा बारीक करा."

"पाडलेलं भोक बारीक होत नाही गो," म्हणत मामा नवी फळी शोधायला पडवीत गेले. बराच वेळ झाला, मशीनचा आवाज काही येईना. मी बघायला उठलो.

"बसा," मामी म्हणाल्या. "थोडा वेळ राहू द्या त्यांना तिथेच."