मानसिंगनं काढलेला पट्टा

बावड्याच्या शिवारात उसाला आग लागली की आधी गेणबाचं नाव निघायचं. मागं एकदा त्याच्या भावाचा गोठा पेटला, दोन बैल दावणीलाच भाजून मेले आणि सगळा गाव नुसता बोंबलत उभा राहिला. इंदापुराहून बंब आला तो राख भिजवायला. तेव्हापासून गेणबानं गावातली पोरं हाताशी धरली. आग दिसली की बडवून गाव गोळा करायला देवळापुढच्या लिंबाला रुळाचा तुकडा टांगला. ओलं पोतं कसं हाणायचं, वारं कसं बघायचं, आगीच्या पुढं जाऊन ऊस तोडून मोकळा पट्टा कसा काढायचा, सगळं शिकवलं. चुकलं की शिव्या घालायचा, आणि मागनं बायको बनाबाई त्याच पोरांना चहा पाजायची. मानसिंग त्यात सगळ्यात तयार. "माझ्यामागं ह्योच," असं गेणबा चारचौघांत सांगायचा.

शहाण्णव साली ऊस उदंड झाला. मार्च उलटला, तुरे येऊन वाळले, तरी कारखान्याची तोड येईना. जळका ऊस मात्र कारखाना आधी नेतो, भाव कापून का होईना. हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं? गेणबालाही होतं की. पण आपली पोरं असलं करायची नाहीत, असं धरून चालला बिचारा.

भर दुपारी मानसिंगच्या फडातनं धूर निघाला. गेणबानं रूळ बडवला. कुणी येईना. शेवटी म्हातारा एकटाच ओलं पोतं घेऊन आत घुसला आणि दोन्ही हात भाजून घेतले. वर बघतो तर सगळी पोरं बांधावर उभी.

"आबा, भाईर या," मानसिंग म्हणाला. "आमीच लावलीय. शेजाऱ्याला झळ बी लागायची न्हाय."

खरंच लागली नाही. आग बांधाजवळ येऊन विझली. तिथं आदल्या दिवशीच पट्टा काढलेला होता, वारं बघून, गेणबानं शिकवलेला तसाच.

गेणबा त्या पट्ट्यात मटकन बसला. हातांपेक्षा हेच त्याला जास्त झोंबलं.

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं आसतं तर तुमी करू दिलं आसतं व्हय?"

गेणबानं रूळ उतरवून गोठ्यात टाकला. पुढं मे महिन्यात मानसिंग धापा टाकत दारात आला. त्याचं खोपट पेटलं होतं.

"खरी आग हाय, का ही बी तुमीच लावलीय?" गेणबानं विचारलं.

मानसिंगनं आईची शपथ घेतली. गेणबा उठला, पोती भिजवली, पळाला. पण खोपटाशी पोचल्यावर त्यानं आधी बघितलं ते भोवतीनं कुणी पट्टा काढून ठेवलाय का.