करवंट्यांची पिशवी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती आता नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जपानात, टोकियोच्या एदोगावा भागात एका इमारतीत आमच्या कंपनीची सात घरं होती, सगळी पुण्या-मुंबईची इंजिनिअर पोरं. मी वयाने मोठा, म्हणून सगळ्यांचा काका. तळमजल्यावर सॅम्युएल राहायचा, नायजेरियाचा, इमारतीतला एकटा काळा माणूस. आणि मागच्या गल्लीत डोरोथी-सान, म्हणजे जपानी रीतीने डोरोथीबाई — साठीला टेकलेली काळी अमेरिकन, इंग्रजी शिकवायची. काळा म्हणून कुणाला घर नाकारलं की त्याच्यासोबत घरमालकाच्या दारात जाऊन बसायची.

त्या गणपतीला ती आमच्याकडे आली. पाच मोदक खाल्ले. खाता खाता सहज सांगितलं — शाळेत असताना ती फक्त गोऱ्यांसाठीच्या उपाहारगृहात जाऊन बसायची. लोक डोक्यावर साखर ओतायचे, पोलीस उचलून न्यायचे. सुटली की पुन्हा तिथेच जाऊन बसायची. मी थक्क झालो. पोरांना म्हणालो, "हिंमत म्हणतात ती ही. बघून घ्या रे."

दुसऱ्या दिवशी मोदकांच्या नारळांच्या करवंट्या मी न जळणाऱ्या कचऱ्यात टाकल्या — तिथे जळणारा आणि न जळणारा वेगळा द्यायचा; दगडासारख्या टणक, त्या कशा जळणार? चुकीची पिशवी म्हणून कचरागाडीने ती नेलीच नाही. घरमालकाने उघडून पाहिली. नारळ म्हणजे आफ्रिका, इतकाच त्याचा हिशोब. सॅम्युएलविरुद्ध त्याला निमित्त हवंच होतं. त्याला घर सोड म्हणाला.

डोरोथी-सानने सगळ्यांना त्याच्यासमोर बोलावलं. मला विचारलं, "काका-सान, या तुमच्या घरच्या का?"

सात घरं डोळ्यांपुढे आली — की फक्त माझं? मी म्हणालो, "आमच्याकडे नारळ खात नाहीत."

रत्नागिरीचा माणूस मी.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला उघडं का पाडलं नाही तिने? मला आजही कळलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती घरमालकाच्या ऑफिससमोर घडीची खुर्ची टाकून बसली, मांडीवर निषेधाची पाटी. पावसातसुद्धा. स्टेशनला जाताना मी सायकलवरून तिच्यासमोरून जायचो, आणि रोज, त्याच आवाजात, ती जपानीत सुप्रभात म्हणायची, "ओहायो, काका-सान." एवढं मोठं मन मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

महिनाअखेरीस सॅम्युएल गेला. त्याच्या गादीचं एक टोक मी धरलं होतं, टेम्पोपर्यंत. तो वाकून म्हणाला, "शेजारी तुमच्यासारखा हवा."

मीही वाकलो. करवंट्या माझ्या होत्या. पिशवीची गाठ मीच मारली होती.