ज्यानं बांधली त्यानंच सोडायची

माझे सासरे धर्मराज मढवी, म्हणजे आबा, यांना शिरवण्यात सगळे डॉक्टर म्हणायचे, आणि माझा उजवा हात कोपराखाली नाही. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे हे गावाच्या अजून ध्यानात आलेलं नाही. आलं असलं तरी कुणी ब्र काढत नाही, कारण अर्धा गाव आबांचा भाऊबंद आणि उरलेला त्यांचा भाडेकरू.

आबांची शेती शहर वसवायला गेली, तेव्हा त्यांना जवळच्याच एका केमिकल कंपनीत नोकरी लागली. कंपनीनं कधीतरी कामगारांना प्रथमोपचार शिकवले. आबा तिथून एक सर्टिफिकेट आणि लाल फुलीचा पांढरा डबा घेऊन आले. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालं. सर्टिफिकेट देवघराच्या वर लागलं आणि दुसऱ्या दिवसापासून ओटीवर दवाखाना सुरू झाला.

डब्यात लाल औषध, कापूस आणि पट्ट्या होत्या. बाकीचं सगळं आबांच्या डोक्यात होतं. भाजलं की टूथपेस्ट फासायची. खाडीत बुडालेला बाहेर काढला की त्याला मडक्यावर पालथा घालून हलवायचा. फिट आली की नाकाला चप्पल आणि दातांत चमचा. शेजारच्या सितारामला फिट आली तेव्हा चमचा सापडला नाही, म्हणून आबांनी पितळेचा डाव इतक्या जोरात घुसवला की पुढचे दोन दात डावाबरोबर बाहेर आले. फिट आपल्या वेळेला थांबली. सिताराम अजून बोळक्यानं हसत सांगतो, "दातांचा काय, जीव तं वाचवला दादानी." नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. या गावात आबांनी मोडलेली माणसंच आबांची जाहिरात करतात, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

पण आबांचा खरा मान होता तो गाठीचा. साप चावला की कुठल्याही जातीचा, कुठल्याही गल्लीतला माणूस आबांकडे धावायचा. मिठागरात राबलेल्या बापाकडून ते ती गाठ शिकले होते. नायलॉनची दोरी, दोन वेढे, मध्ये काडी घालून पीळ. आणि नियम एकच, ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. दुसऱ्याचा हात लागला तर विष उलटं काळजात शिरतं. कंपनीतल्या शिक्षकानं 'बांधलीच तर अधूनमधून सैल करा' असं सांगितलं होतं म्हणे. आबांनी सर्टिफिकेट तेवढं घरी आणलं.

माझं माहेर उरणजवळच्या मोरा गावचं. बारावीनंतर मी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या, मराठी आणि इंग्रजी. माझ्या बोटांचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू? त्र्याण्णव साली प्रकल्पग्रस्ताच्या घरची सून म्हणून बेलापूरच्या एका कचेरीत मला टायपिस्टची जागा मिळाली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. रविवारी दुपारी मागच्या पडवीतल्या सरपणातून लाकडं ओढताना हाताला काहीतरी डसलं.

मी ओरडले. आबा उरणला पुतणीच्या साखरपुड्याला निघाले होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी आधी दोरी आणली, मग काय झालं ते विचारलं. कोपराखाली वेढे घातले, काडी फिरवली, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तोवर ओटीवर माणसं जमली होती. सितारामनं लाकडांखालचा साप काठीनं ठेचून बाहेर काढला.

"दादा, दिवड हाय ही," तो म्हणाला. "चावते, पन ईष नाय तिला."

आबांनी सापाकडे पाहिलं. मग माणसांकडे पाहिलं.

"दात गेलं तं गेलं, तुजं डोलं बी गेलं काय? नाग हाय. मी सांगतंय ना."

जन्मभर भाताच्या बांधांवर चाललेल्या माणसाला दिवड ओळखता आली नाही, हे मी मेले तरी मानणार नाही. शिरवण्यातलं शेंबडं पोरही दिवड ओळखतं. पण गाठ बसली होती आणि ती चारचौघांनी पाहिली होती. एवढ्या लोकांसमोर ती सोडायची म्हणजे आबांच्या नाकाचं काय झालं असतं? त्यांनी नाक वाचवलं.

"मी येईपरेंत कोनी हात लावाचा नाय," असं माझ्या सासूला बजावून ते जीपमध्ये बसले. मला डॉक्टरकडे न्यायचं कुणी नावच काढलं नाही. डॉक्टर दोरी सोडेल, ही भीती.

दुपारभर मी किंचाळत होते. हात सुजला तसे हिरव्या चुड्याच्या बांगड्या मांसात रुतल्या. त्याही कुणी काढल्या नाहीत. मी डाव्या हातानं काडी उलटी फिरवायला गेले, तर सासूनं, रखमाबाईनं, तो हात ओढून आपल्या मांडीखाली दाबला आणि वर बसून राहिली. ती रडत होती. रडत होती आणि बसून होती. तिला मी माफ करावं असं लोक म्हणतात. लोकांना सांगायला काय जातं?

संध्याकाळी नवरा कामावरून आला. केतनला माझी बोटं दिसली. जांभळी पडली होती.

"दोरी सोड रे," मी म्हटलं. "पाया पडते तुझ्या."

"आबांना येऊ दे ना. तू उगाच टेन्शन घेते." एवढं बोलून तो चहा प्यायला.

मग हात दुखायचा थांबला. बोटं कुणाची आहेत तेही कळेनासं झालं. सासूनं देवापुढे दिवा लावला. "उतरला गो बाय, ईष उतरला." मलाही तसंच वाटलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. मी झोपले.

आबा दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आले, डोळे तारवटलेले. साखरपुड्यात दारू चांगली होती, असं केतन नंतर सांगत होता. शेजारीपाजारी जमल्यावर त्यांनी गाठ सोडली. बोटं काळी पडली होती. बायका मागे सरकल्या.

तेव्हा कुठे केतननं मला हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सापाच्या दातांचे वण जेमतेम पाहिले. वळ बघितला आणि विचारलं, "हे कुणी बांधलं?"

"रस्त्यात एक माणूस भेटला," केतन म्हणाला. माझ्यादेखत म्हणाला.

"त्या माणसानं हिचा हात मारला. सापानं काही केलेलं नाही." डॉक्टर संतापले होते. साप चावला की आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, असं ते बोलत राहिले. बांगड्या-अंगठ्या काढायच्या, हात फळीला सैल बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला धीर द्यायचा आणि तडक हॉस्पिटल गाठायचं. साप विषारी असेल तर लस इथंच मिळते, ओटीवर नाही. एवढं सोपं होतं. केतन मान हलवत होता. माझा हात त्यांनी कापला. बेलापूरची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

वाटलं होतं, आता तरी आबांचा दवाखाना बंद पडेल. तो वाढला! नाग चावूनही धर्मराजची सून जिवंत आहे, ही बातमी पार करंजाड्यापर्यंत गेली. पाहुणे आले की आबा हाक मारायचे, "निशिगंधा, पानी आन गो." मी डाव्या हातानं तांब्या आणायचे. मग ते माझा पदर बाजूला सारून तो थोटा हात दाखवायचे. "हातच्या काकनाला आरसा कशाला? हात गेला, पन जीव वाचवला." लोक हळहळायचे, आबांकडे बघायचे आणि पाणी प्यायचे.

काही वर्षांनी आमच्या वरच्या खोलीत सुमेधा राहायला आली. साताऱ्याकडची, बी.ए. झालेली. तिची मुलगी श्रुती मीटरच्या पेटीमागे गेलेला चेंडू काढायला गेली आणि तिला हाताला काहीतरी चावलं. सुमेधा तिला घेऊन धावत आली ती आबांकडे. शिकलेली बाई, पण माझा हात रोज बघत होती ना! तोच पुरावा तिला पुरला.

आबांनी वेढे घालून पीळ दिला. श्रुती ओरडली, आणि मी शिवणाची कात्री घेऊन दोरी कापली.

"ईष चढंल! मेली ती!" आबा गरजले.

सुमेधानं माझ्या थोबाडीत मारली. "स्वतःचं वाटोळं झालं म्हणून माझ्या पोरीचं करता?"

 मी पोरीच्या प्लास्टिकच्या बांगड्या दातांनी तोडून काढल्या. तिचा हात माझ्या थोट्या हाताला लावला, फळीसारखा, आणि टॉवेल सैल गुंडाळला. "हलू नको, बाळा, काही होत नाही," असं म्हणत तिला कडेवर घेऊन रिक्षात बसले. सुमेधा शेजारी बसून वाटभर मला शिव्याशाप देत होती. हॉस्पिटलमध्ये लस दिली. साप फुरसं असणार, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर आणलीत, असंही म्हणाले. ते त्यांनी सुमेधाला सांगितलं, कारण आई ती होती.

श्रुती बरी होऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी सुमेधा नारळ आणि पेढे घेऊन खाली उतरली. आबा खुर्चीत बसले होते.

"तुमची गाठ दोन मिनिटं तरी होती, म्हणून विष चढलं नाही. सगळे तेच म्हणतात," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही मध्ये पडला नसता, तर पोरीला एवढ्या सुयाही टोचाव्या लागल्या नसत्या."

आबांनी पेढा तोंडात टाकला. "जाऊ दे. तिला काय समजतंय?"

"श्रुती, आजोबांच्या पाया पड," सुमेधा म्हणाली.

पोरगी माझ्यासमोरून पुढे गेली. आबांसमोर वाकून तिनं हात जोडले. सुईच्या जागी चिकटपट्टी होती, सूज थोडी बाकी होती. मी तांब्या खाली ठेवून बघत उभी राहिले. पोरीला दोन्ही हात होते.