रातकिड्याचा पहिला भाग

'रातकिडा' या चित्रपटाचे तीन भाग आले आणि तिन्हींत मुखवट्याआडून आपल्या भाषेत बोलला तो हाच माणूस. गल्लीत त्याला वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे रातकिडाच म्हणायचे. त्याचं त्याला मुळीच वाईट वाटत नसे, उलट मान ताठ व्हायची. वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं. बायकोला विचारलं, "तिन्हींतला चांगला कुठला गं?" की ती भाजी चिरता चिरता, मान वर न करता म्हणायची, "पहिला." आज अठरा वर्षं हेच. तिनं एकदा तरी दुसऱ्याचं नाव घ्यावं, एवढीच त्याची इच्छा होती. कारण दुसऱ्या-तिसऱ्या भागासाठी त्यानं जिवाचं काय काय करून घेतलं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचा मूळचा आवाज कसा होता, हे आता सांगून कुणाला पटायचं नाही. लग्न जमलं तेच मुळी आवाजावर! ती वीज कंपनीच्या तक्रारखिडकीत फोन घ्यायची. यानं एकदा दिवे गेले म्हणून फोन केला. मग दिवे चांगले लख्ख असताना आणखी चारदा केला. पाचव्या वेळी ती म्हणाली, "अहो, तुमच्या घरात वीज आहे हे मला इथून दिसतंय. बोला, काय हवंय?" झालं, चार महिन्यांत लग्न.

डबिंगच्या स्टुडिओत तो किरकोळ कामं करायचा. दारवान, वेटर, गर्दीतला तिसरा माणूस. 'रातकिडा' आला तेव्हा नायकाचा आवाज देणारा ऐन वेळी गायब झाला. हा तिथं कोपऱ्यात नाक पुसत बसलेला, सर्दीनं पार बेजार. काचेपलीकडून डबिंगच्या बाई ओरडल्या, "तुम्ही या हो माईकवर!" तो म्हणाला, "बाई, घसा बसलाय." बाई म्हणाल्या, "मग उत्तमच की! रातकिडा आहे तो, कोकीळ नाही." तीन दिवसांत नायक उरकला. उरलीसुरली किरकोळ कामंही मग त्याच्याच गळ्यात पडली. ती त्यानं सर्दी गेल्यावर, पुढच्या आठवड्यात हातावेगळी केली.

आणि काय सांगायचं, तो घोगरा आवाज पोराटोरांच्या तोंडी बसला! चित्रपट तसा साधाच होता. एक इमारत, एक खलनायक आणि घरी शिवलेला पोशाख घातलेला, जिन्यावरून धडपडणारा नायक. तो भिंतीवर चढताना धापा टाकायचा. मार बसला की "आई गं" म्हणायचा. लोकांना तो आपल्यातला वाटला.

दोन वर्षांनी दुसरा भाग आला. आता इमारतीच्या जागी अख्खं शहर, एका खलनायकाच्या जागी तिघे, आणि पोशाख असा चकचकीत की तो बिचारा खाली बसू शकेल की नाही याचीच शंका. आमचा माणूस माईकपुढे उभा राहिला आणि ठणठणीत बरा. बाईंनी दोन वाक्यं ऐकून हात वर केले. "हा तो नव्हेच. सर्दी कुठाय तुमची?"

आता सर्दी काय बाजारात मिळते? पण त्यानं ती घरी तयार करायला घेतली. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी बर्फ चघळायचा, न्हाणीघराचं दार लावायचं आणि तोंडावर उशी दाबून तासभर ओरडायचं. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून उशी, अक्कल एवढी शाबूत होती! बायको दार ठोठावायची. "अहो, पुरे करा. आवाज आहे तो, पायपुसणं नाही." हा आतून म्हणायचा, "तुला यातलं काही कळत नाही." तिसऱ्या भागाला तर आठवडाभर उशी. नायक मेला, परत आला, चंद्रावर जाऊन भांडला. बाई म्हणत राहिल्या, अजून खरखरीत, अजून. आणि हा देत राहिला.

मग एका सकाळी घसा बसला, तो उठलाच नाही. डॉक्टरांनी आवाजाच्या पडद्यांवर गाठी दाखवल्या. शस्त्रक्रिया झाली, गाठी गेल्या, पण जुना आवाज काही परतला नाही. पातेलं घासल्यासारखा आवाज तेवढा उरला. मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती.

परवा रविवारी दुपारी टीव्हीवर तिन्ही भाग ओळीनं लागले. चौथा येऊ घातला होता. त्यात दुसऱ्याच कुणाचा आवाज होता, ह्याच्या घोगरेपणाची नक्कल करणारा. मुलगी कॉलेजातून सुट्टीला आली होती. पहिला चालू असतानाच सोफ्यावर मांडी ठोकून तिनं निकाल दिला, "बाबा, खरं सांगू? दुसरा म्हणजे नुसता धूर. तिसरा बघताना मी झोपले होते. पहिलाच बरा."

"घ्या! तूही आईचीच," तो उखडला. "अगं, पहिल्यात मी केलं काय? सर्दी झाली होती मला, सर्दी! मेहनत केली ती पुढच्या दोन्हींत. घसा गेला माझा त्यांच्यापायी." मग बायकोकडे वळून म्हणाला, "आणि तू! अठरा वर्षांत एका शब्दानं तरी कौतुक केलंस?"

बायकोनं हातातला टॉवेल अर्धवट घडी घालून मांडीवर ठेवला आणि रिमोट उचलून आवाज वाढवला. "गप्प बसा जरा. आता येईल."

पडद्यावर बस थांबली होती. रातकिडा मुखवटा पिशवीत कोंबून, साध्या कपड्यांत लंगडत दाराकडे निघाला होता. बसच्या चालकाचा चेहरासुद्धा दिसत नव्हता, नुसती पाठ आणि टोपी. तो म्हणाला, "सावकाश उतरा. शेवटची पायरी उंच आहे. घरी कुणी वाट बघतंय ना?"

एवढंच. बायकोचे ओठ त्या तिन्ही वाक्यांबरोबर हलले, एक शब्द मागेपुढे नाही. बस निघून गेली आणि तिनं आवाज पुन्हा कमी केला.

हे काम आपण केलं होतं, हेही तो साफ विसरला होता. त्याला वाटायचं, ही आपल्या मेहनतीला नाकं मुरडते. आणि ही बाई इतकी वर्षं दर वेळी त्या बसची वाट बघत बसत होती! न्हाणीघराच्या दारावर तिनं किती वेळा मूठ आपटली, ते त्याला आता आठवलं. एकदा तरी दार उघडायला हवं होतं, असं त्याला फार वाटलं.

मुलगी टीव्हीकडे बघत होती. "आई, कोण होता तो ड्रायव्हर? काय छान बोलला गं."

"तुझे बाबा," बायको म्हणाली आणि टॉवेलची राहिलेली घडी घालू लागली.

मुलगी गर्रकन वळली. "बाबा? हे तुम्ही? तुम्ही असं बोलायचात?"

हो म्हणायला त्यानं तोंड उघडलं. मग तसंच मिटलं आणि नुसती मान डोलावली.